बांगड्याची थाळी आणि लाल झालेले चेहरे: एका खानावळीतल्या रविवारचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, स्टेशनपासून सात-आठ मिनिटं चालत गेलं की एक मालवणी खानावळ लागते. सात टेबलं, एक पंखा कायम बिघडलेला, दाराशी काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेले आजचे मासे. मालवण तालुक्यातलं कुटुंब आहे. काका गल्ल्यावर, काकू शेगडीपाशी, मुलगा पहाटे बाजारात आणि दुपारी वाढायला. आम्ही बारा वर्षं तिथे जेवतो. काकूंना माहीत असतं की माझ्या सासऱ्यांना बोंबील कुरकुरीत लागतो आणि मला सोलकढीत लसूण कमी. खानावळीचं नाव आणि नेमका पत्ता मी देत नाही. बाकी सगळं त्या घराला विचारून, त्यांच्या संमतीने लिहिते आहे. हे लिहावं असं काकूंनीच सुचवलं.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. मासळी प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी नऊ वर्षं काम केलं आहे. त्या दिवशी जे झालं ते मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. पण ते मला उशिरा कळलं.

प्रसंग जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारचा. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी होती. या दिवसांत खानावळीत जे मासे दिसतात ते चार वाटांनी येतात: बिगरयांत्रिक होड्यांनी आणि खाडीत मिळालेली मासळी, तळ्यांतली कोळंबी, शीतगृहातला माल आणि पूर्व किनाऱ्यावरून आलेले ट्रक. पूर्वेकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे इकडची सुरू होऊन दोन आठवडे झाले की तिकडच्या होड्या पाण्यात उतरतात. मासा मिळतो, पण तो हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेला असतो. सुरमई-पापलेटचे भाव अशा वेळी थाळीच्या गिऱ्हाइकाला परवडत नाहीत. बांगडा परवडतो. म्हणून फळ्यावर बांगडा होता.

काय घडलं

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सासरे, नणंद आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. सासऱ्यांनी बोंबील घेतला, मी तिसऱ्या. बाकी तिघांनी बांगडा थाळी: दोन तळलेल्या तुकड्या, तिखलं, भाकरी, भात, सोलकढी. तळलेला बांगडा नेहमीसारखाच दिसत होता. रवा सोनेरी, कडा कुरकुरीत, आत मांस पांढरं आणि काट्यापासून सहज सुटणारं. वास काही नाही. मी नवऱ्याच्या ताटातली एक कड मोडून खाल्ली. मलाही काही वावगं वाटलं नाही.

भाचा एवढंच म्हणाला, "मामी, जिभेला मुंग्या येतायत." आम्ही हसलो. तिखल्यात तिरफळ असतं आणि तिरफळाने जीभ बधिर होतेच. "तिरफळ चावलं असशील," मी म्हटलं. ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं. खराब साठवणुकीतल्या बांगड्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते, तोंडात मिरीसारखी चुरचुर. आणि आपल्याकडे बांगड्याच्या जोडीला नेमकं तेच फळ असतं ज्याच्या चवीत ही खूण विरघळून जाते.

पाऊण वाजता जेवून निघालो. घरी पोहोचेपर्यंत भाच्याचा चेहरा आणि मान उन्हात दिवसभर खेळल्यासारखी लाल झाली. मग डोकं दुखायला लागलं. नणंदेच्या छातीत धडधड. नवरा गप्प बसून होता. विचारलं तेव्हा म्हणाला, कान गरम झालेत आणि पोटात कळ येते आहे. भाच्याच्या छातीवर पित्ताच्या गांध्या दिसल्या आणि आम्ही त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो.

पहिला प्रश्न: ॲलर्जी की आणखी काही?

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरात तीन निदानं झाली होती. सासरे म्हणाले आंबा बाधला, कारण सकाळी शेवटच्या पेटीतला हापूस खाल्ला होता. नवरा म्हणाला मसाला. नणंदेने ठरवूनच टाकलं की पोराला माशांची ॲलर्जी निघाली, शाळेच्या आरोग्य कार्डावर लिहून घ्यायला हवं.

डॉक्टरांनी मुलाचा श्वास तपासला, घसा पाहिला, ओठ सुजलेत का ते बघितलं. मग विचारलं, "अजून कोणाला होतंय?" नणंदेने हात वर केला. "तुम्ही दोघांनी काय सारखं खाल्लं?" बांगडा. "आधी कधी त्रास?" कधीच नाही, लहानपणापासून खातोय.

त्या क्षणी मला कंपनीतले दिवस आठवले. ॲलर्जी एकाला होते. एकाच घरातल्या तिघांना, एकाच माशानंतर, एकाच तासात, ती सहसा होत नाही. हा हिस्टामिनचा त्रास होता.

काय होतं ते थोडक्यात सांगते. बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर तो थंड राहिला नाही तर काही जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. आपल्या शरीरात ॲलर्जीच्या वेळी जे द्रव्य सुटतं तेच हे, फक्त इथे ते ताटातून पोटात जातं. म्हणून लक्षणंही तशीच: तोंड लाल, डोकेदुखी, धडधड, गांध्या, जुलाब. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोनेक तासांत सुरू होतात आणि बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. सगळ्यात महत्त्वाचं, एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. शिजवताना जिवाणू मरतात, ते द्रव्य राहतं. मासा दिसायला आणि वासालाही ठीक असू शकतो.

डॉक्टरांनी ॲलर्जीविरोधी औषध दिलं आणि भाच्याला दोन तास बसवून ठेवलं. श्वासाला त्रास, घशाला किंवा जिभेला सूज, चक्कर यातलं काही असतं तर त्यांनी तिथे न थांबवता थेट रुग्णालयात पाठवलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रात्री आठपर्यंत तिघंही ठीक होते. आणि डॉक्टरांनी कागदावर "ॲलर्जी" हा शब्द लिहिला नाही. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

दुसरा प्रश्न: खानावळीला कळवायचं का?

दवाखान्यातून मी फोन केला तेव्हा सव्वातीन वाजले होते. कारण कळलं होतं अडीचला. मधली पंचेचाळीस मिनिटं आम्ही चर्चेत घालवली.

नवऱ्याचं म्हणणं होतं, बरे होताहेत ना सगळे, मग त्यांच्या पोटावर कशाला पाय द्यायचा, उद्या शांतपणे सांगू. नणंदेचं म्हणणं उलटं, फोन कशाला, सरळ तक्रार करू. मी दोघांच्या मधे. माझ्या मनात भीती होती ती काकूंना वाईट वाटेल याची. बारा वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्या हाताला "तुमचा मासा खराब होता" हे कसं म्हणायचं?

त्या पंचेचाळीस मिनिटांत खानावळीत बांगड्याच्या आणखी चार थाळ्या गेल्या. हे नंतर बिलांवरून समजलं. फोन लगेच केला असता तर त्या चौघांच्या ताटात दुसरं काही गेलं असतं. या सगळ्या प्रकरणात माझी खरी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

फोन काकांनी उचलला. मी आरोपाची भाषा वापरली नाही. तीन गोष्टी सांगितल्या: आमच्यातल्या ज्यांनी बांगडा खाल्ला त्या तिघांना सारखाच त्रास झालाय, डॉक्टरांच्या मते कारण मासा आहे, आणि आत्ता बांगडा वाढणं थांबवा. काका क्षणभर गप्प. मागून काकूंचा आवाज आला, "पोरगो कसो आसा आता?" मग फोन त्यांनीच घेतला.

खानावळीपुढचे पर्याय

मी साडेचारला तिथे पोहोचले तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत वाद चालू होता. फळ्यावरचा बांगडा पुसला होता. आता पुढे काय?

मुलाचं मत होतं, एवढं पुरे. उरलेला माल टाकून द्यायचा, कुणाला काही बोलायचं नाही, कुणी तक्रार केलीच तर बघू. त्याचा मुद्दा वेडगळ नव्हता. बंदीच्या दोन महिन्यांत धंदा तसाच निम्म्यावर येतो. खानावळीचा व्हॉट्सॲपवर गट आहे, रोज सकाळी "आजचे मासे" त्यावर जातात. "तिथे एक ओळ पडली की उद्यापासून गल्ला रिकामा," तो म्हणाला.

दुसरा पर्याय काकांचा. जे ओळखीचे आहेत त्यांना एकेक फोन करायचा, गटावर काही टाकायचं नाही. पण रविवारी निम्मं गिऱ्हाईक वाटसरू असतं, आणि ओळखीच्यांतही कोणी काय खाल्लं हे बिलाच्या कार्बन प्रतीवर फक्त "बां. थाळी २" एवढंच.

काकू भांडी आवरत ऐकत होत्या. हात पुसून मुलाला म्हणाल्या, "लपवन काय करतलस? गिऱ्हाइकाक सांगूकच व्हया." कुणाला रात्री त्रास झाला आणि तो माणूस हृदयाचा झटका समजून घाबरला, किंवा कुणी जन्मभरासाठी मासे सोडले, तर ते आपल्यामुळे, एवढाच त्यांचा विचार होता. गोष्ट तिथे मिटली.

पाच वाजता गटावर गेलेला मजकूर आम्ही चौघांनी मिळून लिहिला: "आज दुपारी आपल्याकडे बांगडा खाल्लेल्या काही जणांना चेहरा लाल होणे, डोकेदुखी, धडधड, अंगावर गांध्या असा त्रास झाला आहे. बांगडा आम्ही बंद केला आहे. तुम्हाला असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि आज बांगडा खाल्ल्याचे सांगा. श्वास घ्यायला त्रास झाल्यास लगेच रुग्णालयात जा. आम्हाला फोन करा. पैसे परत देऊ, औषधाचा खर्चही देऊ." खाली काकांचा नंबर.

"डॉक्टरांना बांगडा खाल्ल्याचे सांगा" हे वाक्य मी आग्रहाने घातलं. त्याचा पुढे दोघांना उपयोग झाला.

रात्रीपर्यंत चार फोन आले. आमचे तिघे धरून सात. त्या दुपारी बांगड्याच्या तेवीस थाळ्या गेल्या होत्या. सगळ्यांना का झालं नाही? हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं नसतं. एकाच टोपलीतला एक बांगडा भरलेला आणि शेजारचा स्वच्छ असू शकतो, एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही फरक पडतो.

साखळी कुठे तुटली

सोमवारी खानावळ बंद ठेवली. मी घरातला स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन गेले आणि आम्ही बांगड्याचा प्रवास मागे मागे लावत गेलो.

बांगडा घेतला होता शनिवारी पहाटे, घाऊक बाजारातून. रविवारी बाजारात झुंबड उडते, भाव चढतात, म्हणून मुलगा शनिवारीच दोन दिवसांचं घेतो. पेटीत बर्फ होता, पण वरच्या थरापुरता, हे त्यानेच आठवून सांगितलं. नियम साधा आहे, एक किलो मासळीला एक किलो बर्फ, थर मासळीचा, थर बर्फाचा. दाट पाऊस होता, रस्त्यावर पाणी भरलं, वाटून घेतलेला टेंपो दोन तास अडकला. खानावळीत आल्यावर बांगडे तसेच, पोटातली घाण न काढता, दुपारच्या धावपळीत कोपऱ्यात राहिले, कारण आधी गिऱ्हाईक. साफ झाले संध्याकाळी. मीठ, हळद, मसाला आणि आगळ चोळून फ्रिजमध्ये गेले. रात्री तीन तास वीज नव्हती.

तो फ्रिज घरगुती, दोन दारांचा. आत डबे असे कोंबलेले की मधे हवा खेळायला जागा नाही. काकांनी कळ सर्वात थंडवर ठेवली होती आणि त्यांची खात्री होती की तो "एकदम गार" आहे. मी थर्मामीटर वरच्या कप्प्यात मसाल्याच्या डब्यांमधे अर्धा तास ठेवला. काटा ९ अंशांवर थांबला. मासळी ४ अंशांच्या खाली हवी. काका बराच वेळ तो काटा बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

यातली कुठलीच एक चूक मोठी नव्हती. बर्फ कमी, टेंपो अडकला, साफसफाई लांबली, वीज गेली, फ्रिज ठासून भरलेला. पाचही गोष्टी पावसाळ्यात कुठल्याही छोट्या खानावळीत घडतात. आणि आगळ-मसाल्याने वासावर पडदा पडला. काकू मासा नाकाने आणि बोटाने ओळखतात, कल्ले उघडून बघतात, आणि चाळीस वर्षांत त्यांचं नाक चुकलेलं नाही. पण हिस्टामिनला वास नाही. हे समजावून सांगताना मला फार जड गेलं.

तक्रारीचा प्रश्न

त्रास झालेल्यांपैकी एक तरुण, जवळच खोली करून राहणारा, रोजचा गिऱ्हाईक, त्याने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. मुलाला ते लागलं. मला ती तक्रार योग्यच वाटली आणि तसं मी तिथे बोलले. निरोप देणं हे खानावळीचं काम, तपासणी हे सरकारचं. एक झालं म्हणून दुसरं नको असं होत नाही.

अधिकारी आले, नोंदणीचा कागद, पाण्याचा तपासणी अहवाल, फ्रिज, बर्फ सगळं पाहिलं आणि सुधारणा नोटीस दिली. मुदतीत करायच्या गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तो बांगडा कुठे आहे?"

तो आम्ही रविवारीच कचऱ्यात टाकला होता. माझ्याच सांगण्यावरून. "एक तुकडाही ठेवू नका," असं मी बजावलं होतं. वाढायला ठेवायचा नव्हता हे खरं, पण चार तुकड्या पिशवीत बंद करून, तारीख लिहून, फ्रीजरमध्ये बाजूला ठेवायला हव्या होत्या. गोठवल्याने हिस्टामिन जात नाही, म्हणजे नंतरही प्रयोगशाळेत ते सापडलं असतं. आता आमच्याकडे डॉक्टरांचं निदान आहे, सात जणांची सारखी लक्षणं आहेत, फ्रिजचा काटा आहे. आकडा नाही. पेटी ज्याच्याकडून घेतली त्या व्यापाऱ्याला मुलगा भेटला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडे होता तोवर ठीक होता." त्याला खोटं पाडायला आमच्या हातात काही नव्हतं, आणि कदाचित तो खरंही बोलत असेल.

कायद्यानुसार गिऱ्हाइकालाही अन्नाचा नमुना शुल्क भरून तपासून घेता येतो, पण तसा हेतू विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. जेवून घरी गेल्यावर त्रास झालेल्या माणसाला ती वाट उरत नाही. म्हणूनच खानावळीने स्वतः तुकडी राखून ठेवणं मोलाचं.

काय बदललं

पहिले तीन आठवडे अवघड गेले. गटातून काही जण बाहेर पडले. बांगडा तर कुणी मागेच ना. पण निरोप वाचून मुद्दाम आलेलेही होते. एका आजींनी गल्ल्यावर येऊन काकूंना बोलावून घेतलं आणि नुसता हात धरला.

जून-जुलैपुरता बांगडा फळ्यावरून गेला. त्याच्या जागी सुक्या मासळीचं जेवण आलं: सुके बोंबील बटाट्यात, जवळ्याची किसमूर, सोड्यांचा भात. सोबत खाडीच्या तिसऱ्या आणि तळ्यातली कोळंबी. पूर्वी आपल्या घरांत पावसाळ्यात हेच तर शिजायचं. थाळीचे दर तेच ठेवले. बाजार आता रोज, रविवारीसुद्धा. बर्फाची थर्माकोलची पेटी मुलगा स्वतः घेऊन जातो आणि बर्फाचे पैसे वेगळे मोजतो. मासा आल्या आल्या साफ होतो, मग गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल. जुना फ्रिज भाज्यांना दिला, मासळीला वेगळा डीप फ्रीजर घेतला, हप्त्यावर. आत थर्मामीटर टांगलेला असतो आणि काका दिवसातून तीनदा वहीत आकडा लिहितात. वीज दोन तासांहून जास्त गेली तर त्या दिवशीचा बांगडा आणि सुरमई फेकायची, हा नियम काकूंनी घातला. तो आतापर्यंत दोनदा पाळला गेलाय. पाच किलो सुरमई टाकताना मुलाचा चेहरा मी पाहिला आहे.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्यावर बांगडा परत आला. भाच्याने मागून घेतला. नणंद अजून तयार नाही, ती बोंबीलावर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

भाचा "मुंग्या येतायत" म्हणाला तेव्हा ताट बाजूला सारायला हवं होतं. तिरफळ असो की आणखी काही, बांगड्याच्या तुकडीने, तिखल्याने नव्हे, जीभ चुरचुरली तर पुढचा घास घेऊ नये. मी नेमकं हेच त्याला विचारलं नाही, कशाने होतंय ते. फोन अडीचला व्हायला हवा होता. चार तुकड्या राखायला हव्या होत्या. आणि काकांनी बिलावर फोन नंबर घेतला असता तर वाटसरूंपर्यंतही पोहोचता आलं असतं. तेवीसांतल्या नऊ जणांचं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही.

एका माणसाची गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. निरोप वाचण्याआधीच तो दुसऱ्या दवाखान्यात गेला होता, एकटाच, आणि तिथे कुणी "अजून कोणाला होतंय?" असं विचारलं नाही. त्याच्या कागदावर "माशांची ॲलर्जी" असं लिहिलं गेलं. वेंगुर्ल्याचा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे. घरी मासे बंद झाले, बायको वेगळं शिजवते. मी आमच्या डॉक्टरांचा पत्ता त्याला दोनदा दिला, तपासणी करून घ्या म्हटलं. गेल्या रविवारी तो खानावळीत भेटला. वाटाण्याची उसळ आणि वडे खात होता. जाईन म्हणाला, पाऊस ओसरला की.